तानूबाईंचा गुरुवार

साहेब, तुम्ही तानूबाई शेडग्यांचा गुरुवार खाल्लात.

लाच खाल्ली असतीत तर निदान चौकशी लागली असती. म्हातारीचा गुरुवार खाल्ला तर कोण विचारतंय? म्हणून इथं विचारलं आहे. तुमचं नाव लिहिलेलं नाही, खात्याचंही नाही. वाचाल तेव्हा कळेल तुम्हाला. नाहीच कळलं तर ड्रॉवर उघडून बघा.

गोष्ट अशी. कुमुद शेडगे, वय सत्तेचाळीस, दिल्लीतल्या एका केंद्रीय खात्यात सहायक. आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आईबरोबर राहते. लग्न केलं नाही. का, ते कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं नसतं, म्हणून इथंही नको. वडील मल्हारी शेडगे फौजेत नाईक. त्यांनी बायकोला साताऱ्याच्या माण तालुक्यातून उचलून दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आणलं आणि कुमुद तिथंच जन्मली. ते जाऊन अकरा वर्षं झाली. राहिल्या तानूबाई. वय शहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा घरच्यांना घेऊन देशात कुठंही जायची सवलत मिळते. ऑफिसातला शिपाईसुद्धा अंदमानला जाऊन निळ्या पाण्यापुढचे फोटो दाखवून बसला होता. कुमुदनं बावीस वर्षांत ही सवलत एकदाही घेतली नव्हती. कधी फाइल, कधी अधिवेशन, कधी वडिलांचं आजारपण. या वेळी आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं, त्यानंतर वाळू-बिळू विसरा. कुमुदनं मार्चची रजा टाकली.

"कुठं जायचं आई? वैष्णोदेवी?"

"देवी वर बसती. चढू कशी? समुद्राला ने."

"समुद्रात काय करणार तू?"

"डोकं बुडवणार," तानूबाई म्हणाल्या. "माणात वीस वर्षं पाणी डोक्यावर वाहिलं. एकदा पाण्यानं माझं डोकं वाहू दे की."

कुमुद हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर मिनती नावाच्या बंगाली बाईच्या लॉजमध्ये त्या रविवारी पोचल्या. समोर नारळी, मग वाळू, मग पाणी. शुक्रवारी बोटीनं पोर्ट ब्लेअर, शनिवारी विमानानं दिल्ली, असं ठरलं होतं. म्हणजे पाण्याला चार दिवस. तानूबाईंनी त्यांची वाटणी पहिल्याच संध्याकाळी केली. सोमवारी पोटऱ्या, मंगळवारी कंबर, बुधवारी छाती, गुरुवारी डोकं.

"एकदमच बुडव ना," कुमुद म्हणाली. "टंटा खतम."

"तू बावीस वर्षं सरकारची नोकरी करतीस, तुला घाई कधीपासून झाली? नव्या बैलाला आधी गोठा दाखवत्यात. मग दावं बांधत्यात."

नऊवारीचा कासोटा घट्ट मारून त्या सोमवारी उतरल्या. एका हाताला कुमुद, दुसऱ्या हाताला मिनती. मिनतीनं पुढं केलेला गाऊन त्यांनी बघितला आणि परत दिला. "ह्यात मी पोत्यावाणी दिसीन." पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं तशा थांबल्या, पायाखालची वाळू सरकते आहे ते बघत राहिल्या, आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, "बास. आजचं झालं."

मंगळवारी कंबर. एक लाट जरा मोठी आली तेव्हा त्यांनी माण तालुक्यातली एक शिवी समुद्राला दिली आणि मिनतीचा हात इतका आवळला की तिच्या बांगडीचा वळ उठला. "मिनती, छोडना नई हां!"

"नहीं छोड़ेगा मौसी, बिलकुल नहीं छोड़ेगा."

बुधवारी छाती. पाणी सकाळी दहाच्या सुमाराला चढायचं, रोज पाऊण-एक तास उशिरानं, आणि चढल्याशिवाय तिथं खोल पाणीच नसे, पार लांब नुसते खडक. त्या दिवशी पाणी छातीला लागलं आणि एक गंमत झाली. तानूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. पाण्यानं वजन उचललं होतं. त्या उभ्या होत्या, काठीशिवाय. त्यांनी कुमुदचा हात सोडला. मग मिनतीचा.

"अगं, हे मला धरतंय," त्या म्हणाल्या.

कुमुदनं आईचं तोंड बघितलं. असं तोंड तिनं आधी पाहिलं नव्हतं, वडील पेन्शनवर घरी आले त्या दिवशीसुद्धा नाही. ती म्हणाली, "आई, आत्ताच बुडव. चलो, मी आहे."

"न्हाई. आज बुधवार. उद्या."

ही तानूबाईंची चूक धरायची तर धरा. शब्दाला पक्क्या होत्या, एवढंच.

बुधवारी दुपारी तीनला लॉजचा फोन वाजला. बेटावर मोबाइलला रेंज धड नव्हती, पण रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातला पत्ता व फोन' असा रकाना असतो. बहुतेक लोक त्यात काहीतरी खरडतात. कुमुदनं मात्र लॉजचा नंबर सुवाच्य अक्षरात, दोनदा तपासून लिहिला होता.

फोनवर दिनकर. तिच्या शेजारच्या टेबलावरचा, मूळचा सोलापूरचा, बोलण्यानं दिल्लीचा. रजेवर निघताना चार्ज तिनं त्यालाच दिला होता. "कुमुदताई, सॉरी यार. तुमच्या कपाटाची चाबी कुठेय?"

कुमुदनं पर्स उघडली. क्वार्टरची किल्ली, घरच्या गोदरेजची किल्ली, आणि त्याच जुडग्यात ऑफिसच्या लोखंडी कपाटाची. चौदा वर्षं ती किल्ली रोज संध्याकाळी तिच्याबरोबर घरी जायची. नियमानं ती खाली किल्ल्यांच्या पेटीत टाकायची असते, पण त्या पेटीत कुणीच काही टाकत नाही. तिच्यात आता चौकीदार आपला डबा ठेवतो. चार्जची यादी तिनं व्यवस्थित दिली होती. किल्ली जुडग्यातून काढायची राहिली.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "माझी चूक."

मग फोनवर तुम्ही आलात, साहेब.

"मिस शेडगे, पार्लमेंट क्वेश्चन है. शुक्रवार सुबह मुझे फाइल चाहिए."

"सर, ताला तुड़वा लीजिए. मैं लिखकर दे दूँगी कि गलती मेरी है."

"सरकारी अलमारी है, घर की नहीं."

"तो सर, डुप्लिकेट. सीलबंद लिफाफे में आपके पास जमा है."

"मेरे पास कोई लिफाफा-विफाफा नहीं है. पिछले साहब ने कुछ नहीं दिया. आप आ जाइए."

"सर, मेरी माँ..."

"माँ सबकी होती है," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

कुमुद फोनपाशी उभी राहिली. पाकीट तिला आठवत होतं. खाकी, लहान, चिकटवलेल्या तोंडावर तिची आडवी सही, वर लाखेचा ठिपका. पण साहेब नाही म्हणतात तर नाही. बावीस वर्षांत तिला हेच शिकवलं होतं. तिनं मिनतीला गुरुवार सकाळच्या बोटीचं विचारलं. आठला एक होती. विमानाचं तिकीट दिनकरनं दिल्लीतूनच बदललं.

आईला तिनं बाहेर पायरीवर बसून सांगितलं. तानूबाई शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"किल्ली तुझ्याकडं राहिली?"

"हो."

"मग जायला पायजे." त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "बोट किती वाजता?"

"आठ."

"मग सकाळी लवकर बुडवते. सहाला."

कुमुदनं मिनतीकडे बघितलं. मिनतीनंच सांगितलं, सहाला पाणी नसतं, मौसी. पाणी अकराला येईल.

"अकराला," तानूबाई म्हणाल्या. जणू बसचं टाइमटेबल ऐकलं.

तरी गुरुवारी सहाला त्या कासोटा मारून तयार होत्या. पाणी मैलभर आत गेलेलं. उघड्या पडलेल्या वाळूवरून, काठी टेकत, त्या चालू लागल्या. कुमुद मागे. पंधरा मिनिटं चालल्यावर पाणी लागलं ते घोट्याएवढं. आणखी चालल्या. घोटाच. समुद्र तिथं होता, सगळा होता, पण त्यांच्या घोट्यापर्यंतच. पुढं काळे खडक सुरू झाले, धारदार. काठी घसरायला लागली.

"आई, परत फीर. पाय कापेल."

"बस की खाली मला धरून. बसून तरी डोकं घालते."

कुमुदनं धरलं. पण गुडघे वाकेनात. अर्ध्यात आल्या आणि कळ आली, तोंड पिळवटलं. कुमुदनं काखेत हात घालून उभं केलं. तानूबाईंनी वाकून, पोचेल तेवढं वाकून, ओंजळ भरायचा प्रयत्न केला. बोटं पाण्याला लागली नाहीत. मग कुमुदनंच वाकून ओंजळभर घेतलं.

"डोक्यावर घालू?"

"नको," तानूबाई म्हणाल्या. "ओतून घ्यायचं तर घरी बादली हाय."

बोटीत त्या पूर्ण वेळ पाण्याकडे पाठ करून बसल्या. धाकातल्या पोरीसारखं कुमुदनं विचारलं, "रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? तू कामाची बाई. पुढच्या खेपेला येऊ."

"पुढची खेप चार वर्षांनी असते."

"मग ऐंशीची असंन मी. लोखंडाच्या गुडघ्याची." आणि हसल्या. ते हसणं कुमुदला दिल्लीपर्यंत पुरलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तिनं कपाट उघडलं. फाइल काढली, तुमच्या खोलीत नेली. तुम्ही ती उघडली, एकोणतिसावं पान काढलं आणि एक तारीख टिपून घेतली. एक तारीख, साहेब. फोनवर विचारली असतीत तरी तिनं सांगितली असती. तिला ती पाठ होती. तुम्ही विचारलंच नाही.

"ठीक है," तुम्ही म्हणालात आणि चष्मा पुसायला फडकं शोधत उजवीकडचा ड्रॉवर ओढलात. ओढलात तो पुरता.

फडक्याखाली खाकी पाकीट होतं. चिकटवलेल्या तोंडावर आडवी सही. कु. म. शेडगे. लाख तशीच.

कुमुदनं पाहिलं. ती पाहते आहे हे तुम्ही पाहिलं. तुम्ही ड्रॉवर लावलात. सावकाश. मग म्हणालात, "जाइए, आप थकी होंगी."

आपल्या टेबलाशी येऊन ती बसली. दिनकरनं चहा आणला. "काय झालं ताई?"

"पाकीट त्यांच्याकडे आहे."

"अच्छा?" त्यानं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "ताई, सोडा. रिटायरमेंटला तेरा वर्षं आहेत तुमची."

तिनं सोडलंही असतं. हे लिहून ठेवायला हवं. बावीस वर्षं तिनं सोडलंच होतं. घरी तिनं आईला पाकिटाचं सांगितलंसुद्धा नाही. तानूबाई बाल्कनीत नऊवारी वाळत घालत होत्या, काठाला अजून वाळू होती, आणि ती झटकू नका म्हणून शेजारणीला सांगत होत्या.

पण सोमवारी मेमो आला. तुमच्या सहीचा. 'शासकीय कपाटाची किल्ली विनापरवाना मुख्यालयाबाहेर नेल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

पाकीट तुमच्याकडे असूनसुद्धा, साहेब. कदाचित असल्यामुळेच.

दिनकरनं मसुदा करून दिला. चूक झाली, क्षमा असावी, पुन्हा होणार नाही. तीन ओळी, सगळे हेच लिहितात. कुमुद तो घेऊन घरी आली. जेवताना तानूबाईंनी कागद बघितला.

"कशाचा?"

तेव्हा तिनं सांगितलं. ड्रॉवर, फडकं, पाकीट, सही. तानूबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"म्हंजी गुरुवारी जायचं कारण नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या पोरीचं चुकलं म्हणून गेला माझा दिवस. ते मी गिळलं. पोरीसाठी गिळायचं असतं. त्या मानसासाठी मी का गिळू?"

कुमुदनं दिनकरचा मसुदा घडी करून भांड्यांच्या फळीवर, डब्याखाली सरकवला. नवा कागद घेतला. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिली होती. प्रश्न लिहायची तिची ही पहिलीच वेळ, पण अक्षर तेच, सुवाच्य.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद आवक विभागात दिला, नंबर पडला, पोच घेतली. कागद असा आहे:

'एक. किल्ली माझ्या जुडग्यात राहिली. ही माझी चूक आहे आणि ती मला मान्य आहे.

दोन. याच कपाटाची दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात आपल्याकडे आहे. आपण पदभार घेतला त्या यादीत तिचा सातवा क्रमांक असून समोर आपली सही आहे. यादीची प्रत जोडली आहे. शुक्रवारी पाकीट आपल्या उजव्या ड्रॉवरमध्ये मी स्वतः पाहिलं.

तीन. माझी आई श्रीमती तानूबाई मल्हारी शेडगे, वय शहात्तर, हिला गुरुवारी सकाळी अकरा वाजता समुद्रात डोकं बुडवायचं होतं. त्या वेळी पाणी होतं, ती नव्हती. ड्रॉवर उघडून बघायला आपल्याला बुधवारी किती मिनिटं लागली असती? आणि ती आपण का दिली नाहीत?

खुलासा तीन दिवसांत, लेखी करावा.'

तीन दिवस कधीच झाले, साहेब. मे आला. तानूबाई ऑपरेशन होऊन दवाखान्यातल्या पलंगावर आहेत, आणि रोज संध्याकाळी पोरगी आली की पहिलं तेच विचारतात. कागद आला का?

आला का? बोला.