चवीचा ग्लास

मी एक जुना, जाड बुडाचा काचेचा ग्लास आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. तो धुताना उडाला नाही. एका माणसाच्या भुवईवर उडाला. मित्रांनो, ते पुढे येईलच.

माझा जन्मच मारझोडीत झाला. भट्टीत वाळूचे पाणी पाणी केले, लोखंडी नळीच्या टोकाला चिकटवले, साच्यात कोंबले आणि वरून फुंकले. गार झाल्यावर मला वाटले, आता आपल्याला कोण काय करणार? पण मी जाऊन पडलो तो दोन भावांच्या बिअरच्या कारखान्यात.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला तांब्याचे मोठे पातेले, दुसऱ्या टोकाला बाटल्यांचे क्रेट, मध्ये कायम ओली फरशी. थोरले बिअर आंबवत, धाकटे बाटल्या भरत आणि अधूनमधून स्वतःही एखादा घाणा, म्हणजे एका खेपेची बिअर, करत. दोघांचा राग एकाच आईच्या दुधावर पोसलेला. बादल्या भिरकावल्या जात, पाठीत फळकुटे बसत. एकदा धाकट्यांचा दात फरशीवर पडला, तो थोरल्यांनीच पाइपच्या पाण्याने मोरीत ढकलला. दुसऱ्या सकाळी दोघे शेजारी उभे राहून बाटल्या धूत होते, जणू त्या गावचेच नव्हेत.

त्या शेडमध्ये माझा मान मोठा होता. नव्या घाण्याची पहिली चव फक्त माझ्यातून घ्यायची. प्रत्येकाने एकच घोट घ्यायचा आणि मला पुढे द्यायचे. ज्याने घाणा केला त्याने सगळ्यांत शेवटी प्यायचे, आणि त्याचा घोट घशाखाली उतरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. "दुसऱ्या घोटाला जीभ लाचार होते," असे थोरले म्हणत. त्यांनी तो कधी घेतलाही नाही.

थोरल्यांची मुलगी शिकून परत आली ती कोकोची भाजलेली टरफले घेऊन. तिला गव्हाच्या बिअरमध्ये चॉकलेटची चव आणायची होती. धाकटे म्हणाले, आता बाटलीला बूच नको, तान्ह्या बाळाचे बोंडलेच लावा. थोरले हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "कर," एवढेच म्हणाले. आपल्या कामाबद्दल बापाच्या तोंडून एक बरा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिला तो हवा होता. चॉकलेट निमित्त.

पिंपातली बिअर आंबून शांत झाली की नाही, हे थोरले नाकाने ठरवत. मुलीजवळ उरलेली साखर मोजायची काचेची नळी होती. पण ती बाहेर काढणे म्हणजे चारचौघांत बापाचा अपमान. नळी खणातच राहिली. कोकोच्या दाट वासाने थोरल्यांना फसवले. "झालंय," ते म्हणाले. बाटल्या भरल्या, बुचे ठोकली. आत साखर अजून धुमसत होती.

चवीच्या दिवशी शेड तापली होती. पहिली बाटली उघडताच फेस उसळून टेबलभर झाला. "हिच्यासारखीच उतावळी," धाकटे म्हणाले. मी भरलो. भिजलेल्या सागवानाचा रंग, वर बदामी फेस. थोरल्यांनी डोळे मिटून घोट घेतला. आधी कोकोचा वास, मग पावाच्या गाभ्यासारखा मऊ गहू, त्यामागून पिकल्या केळ्याची झुळूक, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी करपलेला कडवटपणा. गोड मुळीच नाही. त्यांनी मला तोंडापासून दूर धरले, माझ्यात पाहिले आणि दुसरा घोट घेतला.

मुलगी तेव्हा पाठमोरी फडके पिळत होती. धाकट्यांनी मात्र पाहिले. त्यांनी आपला घोट घेतला आणि मला तिच्या हातात दिले. तिने मला ओठांजवळ नेले, तोच क्रेटमधली एक बाटली फुटली.

एकीने शेजारणींना फोडले, त्यांनी पुढच्या रांगेला. काचा गोफणीतून सुटाव्या तशा सुटल्या. थोरल्यांनी मुलीला टेबलाखाली लोटले आणि स्वतः आडवे उभे राहिले. एक काच त्यांच्या गळ्यात शिरली. ते काहीतरी सांगायला गेले, पण तोंडातून रक्तच आले. फेस तांबडा होत मोरीकडे वाहत राहिला.

ते गेले. धाकट्यांनी लोखंडी कांब उचलून उरलेल्या बाटल्या ठेचल्या. मग पुतणीला केसांना धरून ओढले. "तुझ्या चॉकलेटनं माझा भाऊ खाल्ला," म्हणत तिचे डोके पातेल्यावर आपटले. ते पुन्हा आपटण्याआधी तिने मुठीतल्या मला त्यांच्या भुवईवर हाणले.

शेडला कुलूप लागले. मी फळीवर धूळ खात पडलो. तिला बापाकडून हवे होते ते उत्तर मला ठाऊक होते. पण काचेला आवाज असतो तो फक्त फुटताना.

खूप काळाने मुलीने कुलूप उघडले. तीच बिअर पुन्हा केली, या वेळी नळी खणातून काढून. बाटल्या थंड, शांत राहिल्या. पण करणाऱ्याने शेवटी प्यायचे, आणि तिच्याआधी पिणारे घरात एकच माणूस उरले होते. तिने काकांना बोलावणे धाडले.

धाकटे आले. भुवई मधोमध दुभंगलेली. कोपऱ्यातली कांब दोघांनीही पाहिली. त्यांनी घोट घेतला, मला पुढे सरकवले. तिने घेतला. आता बोलायची मुभा होती.

"त्या दिवशी दादानं दुसरा घोट घेतला होता," धाकटे म्हणाले.

तिची बोटे माझ्याभोवती आवळली. "आणि हे तुम्ही आज सांगताय, काका?"

"मीही घाणे केले होते, पोरी. एकाचाही त्यानं दुसरा घोट घेतला नाही."

तिने मला उचलले. धाकट्यांनी तोंड बाजूला केले नाही. मला वाटले, आता दुसरी भुवई. तिने हात खाली आणला. मग तिने मला भरले, टवक्याची बाजू स्वतःकडे फिरवली आणि त्यांच्यासमोर ठेवले.

"घ्या," ती म्हणाली. "दुसरा."

मित्रांनो, टवका उडालेला ग्लास फेकू नका. जपून धुवा आणि दुसऱ्या बाजूने प्या. आणि कुणाच्या हातची चव आवडली, तर मी मोरीत विसळला जाईपर्यंत थांबू नका. घोट तोंडात असतानाच सांगा.