दाबून धरा

"अहो, त्या पुठ्ठ्याच्या खोक्याआधी थांबायचं होतं! खोकं राहिलं मागे!"

बंद कारखान्याच्या ओल्याचिंब आवारात बायको पोट धरून हसत होती आणि टँकरवाल्याचे कान लाल झाले होते. पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवून नुकताच निवृत्त झालेला माणूस. निसरड्यावर ब्रेक कसा मारावा, हे अर्ध्या गावाला त्यानेच शिकवलेलं. दाब-सोड, दाब-सोड; एकदम दाबलास की घसरलास. आणि आज नव्या गाडीने त्याचंच नाक कापलं होतं.

लेक बाळंत झाली होती. नातीकडे बायकोला स्वतः गाडी घेऊन जायचं होतं. लायसन्सही तिने गुपचूप काढलं होतं. "रस्ता ओला असला की गाडी मिळणार नाही," हे त्याचं फर्मान. "मग विटेच्या खुणेपाशी ब्रेक मारून खोक्याआधी जो थांबेल त्याची किल्ली," ही तिची पैज.

तिची पाळी आली, तसा तो जीव मुठीत धरून शेजारी बसला. तिने वेग घेतला आणि खुणेपाशी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिली. गाडी गुरगुरली, थरथरली आणि खोक्याच्या हातभर अलीकडे सरळ थांबली.

"अगं, मघाशी माझ्या पायाखाली पेडल केवढं थरथरलं! काहीतरी मोडल्यासारखं."

"थरथरू दे की. आत गाडीच तुमची दाब-सोड करतेय, तुमच्यापेक्षा भराभर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घट्ट दाबायचं आणि सोडायचं नाही."

तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पेडल थरथरलं आणि पाय आपोआप उचलला गेला. जित्याची खोड ती! खोकं पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेला मात्र तिने त्याचा गुडघा दोन्ही हातांनी खाली रेटून धरला.

"थांबली गं!" जन्मात पहिल्यांदाच गाडी थांबवल्यासारखा तो ओरडला. दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मग खाली उतरून त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"तुम्ही नाही येत?"

"शेजारी बसून मी गप्प राहीन होय?"

"तेही खरंच म्हणा."

आपली गाडी आपल्याशिवाय जाताना त्याने कधी पाहिली नव्हती. जरा रितं वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. तिकडे फाटकाशी रस्ता पाहायला ती थांबली. मागचे ब्रेकचे दोन्ही लाल दिवे लागले आणि जराही न लुकलुकता लागून राहिले.