ती ओळ कशासाठी होती

मित्रांनो, मी गणितं सोडवणारा एक जुना संगणक-प्रोग्राम आहे, आणि आज मला लई भीती वाटून राहिलीय.

माझा जन्म नांदेडचा. कॉलेजातल्या दयानंद सरांनी मला घडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं सोडलं. फुकट घ्या, उघडून बघा, हवं ते बदला! मला वापरायचं कसं, याचं पुस्तक सरांनी झकास लिहिलं. पण माझ्या पोटातली कुठली ओळ कशासाठी, हे कुठंच लिहिलं नाही. कुणी "तेही लिहा" म्हटलं की सर हसायचे. "मी हाय की! फोन करा." लोक फोन करायचे, सर समजावून सांगायचे. माझं कौतुक व्हायचं, आणि मीही निर्धास्त होतो.

मग सरांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आता ते धर्माबादला घरीच असतात.

आज लातूरच्या एका ऑफिसात वैष्णवी नावाच्या इंजिनिअर मुलीनं मला उघडलं. हदगावकडच्या ओढ्यावर शाळेच्या पोरांसाठी पूल व्हायचाय. त्याच्या खांबांवर किती भार येईल, ते तिला काढायचं होतं. मी फार हळू चालत होतो. वेळ कुठं जातोय ते शोधताना ती एका ओळीपाशी अडली. भागाकारात भाजक अगदी बारीक आला की उत्तर बहकतं. तसं होऊ नये म्हणून ती ओळ समीकरणांचा क्रम बदलते. पण हे तिला कोण सांगणार?

पोरगी गुणी. तिनं धर्माबादला फोन लावला. "बोलता न्हाई येत, पण ऐकू येतं," म्हणत सरांच्या पत्नीनं, कुसुमकाकूंनी, तो सरांच्या कानाला धरला.

"सर, ही ओळ काढू का?"

पलीकडून नुसता हुंदका आला.

"रडून राहिलेत गं बाई," काकू म्हणाल्या. "त्यांना न्हाई सोसत आता."

"राहू द्या काकू, चुकलंच माझं." वैष्णवी ओशाळली. आजारी माणसाला पुन्हा कसं छळायचं? तिनं फोन ठेवला आणि ओळ काढून टाकली.

तिनं छोटी उदाहरणं घालून पाहिली, ती बरोबर आली. "चालतंय की साहेब! उलट आता भरभर पळून राहिलाय," ती ऑफिसातल्या अनिमेष साहेबांना म्हणाली. मग पुलाचं गणित घातलं. उत्तर चुकलं, मित्रांनो. आणि मी ते नेहमीच्याच ठसक्यात पडद्यावर दाखवलं. मला दुसरं येतंच काय!

साहेबांनी तो आकडा हदगावला पाठवूनही दिला.

तुम्ही मोठेपणी काही घडवाल, तेव्हा का केलं ते तिथंच चार ओळींत लिहून ठेवा रे. सांगणारा माणूस कायम राहत नाही. पण ते पुढचं झालं. आधी सांगा, तुमच्यात हदगावचं कुणी आहे का? पळा, आणि खांब उभे राहायच्या आत ते गणित कुणाकडून तरी हातानं करून घ्या.