अनोळखी नंबर

रुपाने रनाळ्यात घरोघरी फिरून छतावरच्या सोलरसाठी लोकांचे मोबाईल नंबर लिहून घेतले. ‘सरकारी सर्व्हे आहे’ असं सांगायला एजन्सीने शिकवलं होतं, आणि बी.एस्सी. झालेल्या गावच्या लेकीवर कोणी शंका घेतली नाही. एजन्सीने ते नंबर कितीतरी कंपन्यांना विकले. हे कळल्यावर ती शेजारच्या कौसाबाईंची माफी मागायला गेली.

कौसाबाईंचा मुलगा हेमकांत सीमेवर फौजेत होता. ज्याचा मोबाईल मिळेल त्यावरून तो घरी बोलायचा, म्हणून त्या प्रत्येक अनोळखी नंबरचा फोन धावत जाऊन उचलायच्या. आता फोन वाजला, तरी त्या शेंगा सोलत बसून राहिल्या.

“काकू, फोन!”

“वाजू दे. तुन्हा सोलरवालाच व्हई. छत कितलं मोठं शे, हाईच इचारस.”

रुपा पोहोचेपर्यंत फोन थांबला. तिने उलट फोन लावला. पलीकडचा जवान म्हणाला, “हेमकांत तो अभी ड्यूटी पे निकल गया.”

“काकू, हेमकांत होता,” रुपा कशीबशी म्हणाली.

कौसाबाईंनी फोन मांडीवर घेतला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला.

“हेमकांत?”

मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

“आमनं छत पत्रानं शे, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या.