चतुराबाईच्या सुनेची मान

शिरड शहापुरात सून कशी असावी याचं एकच माप होतं आणि ते चतुराबाईच्या घरात होतं. तिची सून मिराबाई लग्न होऊन आली तेव्हा जी मान खाली घालून उंबऱ्याच्या आत शिरली, ती त्यानंतर वर झाली नाही. सासऱ्यासमोर सुनेनं मान वर करायची नाही, हा रिवाज. सासरे तातेराव दिवसभर ओसरीवर बसून असत. ते उठून कुठं जात नसत, त्यामुळे रिवाजालाही सुट्टी नसे. गल्लीतल्या बाया आपापल्या सुनांना सांगत, "जा, चतुराबाईच्या सुनेची मान पाहून ये." चतुराबाई हे ऐकून न ऐकल्यासारखं करी, आणि पुन्हा एकदा ऐकू यावं म्हणून जरा थांबे.

मग ती मान धरली. मिराबाईनं तक्रार केली नाही. एरंडाची पानं बांधून झाली, मिठाचा शेक झाला, कुणाच्या सांगण्यावरून बिब्बाही घालून झाला. शेवटी एका सकाळी डोक्यावरची घागर आडाच्या कठड्यावर आदळली आणि इतक्या वर्षांची तक्रार एकदमच घरी पोचली. अंगावरचं लेकरू उचलायलाही तिचा हात वर जाईना.

चतुराबाईनं गाडी जुंपायला लावली आणि सुनेला औंढ्याला गुलाबसिंग वस्तादांकडे नेलं. वस्तादांनी उमेदीत तालीम चालवली होती. आता ते लोकांचे सांधे मोकळे करत आणि स्वतः आसनं करत. परका पुरुष समोर म्हटल्यावर मिराबाई आणखी खाली वाकली.

"माय, हिची मान बघू कशी?" वस्ताद म्हणाले. "ती तर पदरात हाय."

"तिथंच राहू द्या. मला सांगा, मी तिला शिकविते."

"मंग तूच कर. ताठ बैस. श्वास घेत घेत हनुवटी वर. हळू! मान हाय ती, रहाट न्हाई. आता श्वास सोडत खाली. ध्यान मानंत ठेव, घरच्या चुलीत नको. आता खांद्यावरून मागं बघ."

चतुराबाईची मान अर्ध्यात अडली आणि कड् करून वाजली.

"तुजी बी धरली की!"

"माजी काहून धरल? माजा सासरा मरून लई वर्सं झाली."

"मानेला कुणी कळवलं न्हाई वाटतं," वस्ताद म्हणाले आणि मुद्द्यावर आले. "सकाळ-सांज करा दोघी. पण मधल्या वेळात हिनं मान खाली घातली, तर केलेलं पाण्यात. मंग हात बी जाईल हिचा."

परतताना चतुराबाई गाडीत हिशेब मांडत होती. सुनेचा हात जाऊन चालणार नव्हतं आणि गावातलं नाव जाऊन तर मुळीच नाही. तिनं मधला मार्ग काढला. गोठ्याचं दार लोटून दोघी व्यायाम करू लागल्या. मिराबाईला उतार पडे, पण सकाळी गोठ्यात मिळवलेलं दुपारी ओसरीपुढं खर्ची पडे.

एकदा शेजारची धुरपताबाई विरजण मागायला आली. घरात दोघी दिसेनात म्हणून तिनं गोठ्याच्या दाराच्या फटीतून पाहिलं. सासू-सून दोघींची तोंडं आढ्याकडे, डोळे अर्धे मिटलेले. दोघींनी एकदमच लांब सुस्कारा सोडला आणि दोघींच्या माना सावकाश बैलाकडे वळल्या. बैलही त्यांच्याकडेच बघत होता.

"भानामती!" धुरपताबाई किंचाळली.

चतुराबाई बाहेर येईस्तोवर ओसरी भरली होती. तातेरावांचा चेहरा पांढरा पडला होता. जाणत्याला बोलावून उतारा करायचं ठरत होतं. भानामती घरात सुनेच्याच वाटेनं येते हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे, सुनेला माहेरी धाडावं आणि लेकरू इथंच ठेवावं, हेही जवळजवळ ठरलं होतं.

चतुराबाईनं मागं पाहिलं. मिराबाईची हनुवटी पुन्हा छातीला टेकली होती.

"भानामती न्हाई," चतुराबाई म्हणाली. "मान दुखून राहिली आमची. दोघींची."

"मान?" तातेराव म्हणाले. "मान काहून दुखल?"

"तुमच्यामुळं."

"म्या काय केलं? म्या तर नुसता बसून राहिलो."

"त्येच!"

तातेरावांनी बराच विचार केला. "भानामती असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिला उतारा तरी असतो."

"याला बी हाय. उद्यापासून न्याहारी करून पारावर जायाचं आन् दिवस कलला की यायाचं. सून घरात मान वर करून वावरल."

"बाई गं," धुरपताबाई म्हणाली, "मंग आमी आमच्या सुनांना दावायचं कुणाला?"

"तुमची मान हाय की. आधी हलती का ते बघा."

हसू कुणाला आलं नाही, पण दोन-तीन बायांचे हात आपसूक मानेमागं गेले.

चतुराबाई सगळ्यांसमोर ओसरीवर बसली. "मिरे, बैस. श्वास घे."

मिराबाई बसली. पदर डोक्यावर तसाच होता, पण त्याखालचा चेहरा सावकाश वर आला. हनुवटीखाली, उजव्या अंगाला, चांगला ठसठशीत तीळ होता. गोठ्याच्या अंधुक उजेडात, अर्ध्या मिटल्या डोळ्यांना तो कधी दिसला नव्हता. पोरगी बघायला चतुराबाई स्वतः गेली होती. तेव्हा तिनं मान किती खाली जाते एवढंच पाहिलं होतं.

ती तिळाकडे बघत राहिली. मग भानावर आली.

"आता डावीकडं," ती म्हणाली. "घाई नको."