पेनड्राइव्हमधला आत्मा

वहिनींच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरचा शिंपी, निवृत्त पोस्टमनकाका, समोरच्या शिक्षिका, झाडून सगळी इमारत दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांनी डोळे मिटले होते. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पांढरी चादर टाकलेली. चादरीत दोन्ही हात घालून ‘स्पर्शगुरू’ काहीतरी पुटपुटत होते. वहिनींचा धाकटा दीर दारात उभा राहून हे बघत होता. कॉलेजच्या लॅबमध्ये बारा वर्षं तो बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. त्यासाठी चादर लागते, हे त्याला आजच कळत होतं.

“यंत्र म्हणजे देह!” गुरू गरजले. “देह म्हातारा होतो, आत्मा नाही. उघडा डोळे!”

चादर सरकली. सुरू व्हायला पाव तास घेणारा कॉम्प्युटर झरझर चालत होता. पडद्यावर हिरव्या डोंगराचं नवंकोरं चित्र.

“परवा माझ्याही कॉम्प्युटरचं असंच सोनं केलं हो यांनी!” शिंपी गहिवरून म्हणाला.

“आता पथ्य ऐका,” गुरू म्हणाले. “हा कधीच बंद करायचा नाही, नाहीतर आत्मा निघून जाईल. मागे कवच बसवलंय, त्याला हात लावायचा नाही. आणि आतली जुनी डिस्क मेली आहे. मेलेली वस्तू घरात नको. ती मी नेतो.”

वहिनींचा चेहरा पडला. त्या डिस्कवर दादाचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात त्यानं लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“गुरुजी, त्यात यांचा आवाज आहे हो.”

“गेलेल्याचा आवाज धरून ठेवलात, म्हणून तर यंत्राची ही दशा झाली, बाई.”

दिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो लोकांना बाजूला सारत पुढे आला आणि पडद्याकडे बघून थबकला. गेल्या रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर त्यानं हीच नवी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, लावून पाहिली होती. तोच डोंगर, कोपऱ्यात तेच ‘इन्स्टॉल करा’ असं चिन्ह. म्हणजे ती अजून बसवलेलीसुद्धा नव्हती!

“वहिनी, मी हा बंद करतो.”

“शंका घेणाऱ्याचं यंत्र जळतं!” गुरू ओरडले.

“अहो, कशाला विषाची परीक्षा?” पोस्टमनकाका कळवळले.

वहिनींनी एकदा गुरूंकडे पाहिलं, एकदा दिराकडे. “करा भावजी. डिस्क मी देणार नाही.”

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, मागून नखाएवढा पेनड्राइव्ह उपटला आणि पुन्हा चालू केला. गुरू दाराकडे सरकले, तशी समोरच्या शिक्षिकांनी कडी लावली. रडतखडत जुना पडदा उजाडला. वहिनींनी एक फाईल उघडली. आधी खोकल्याची उबळ, मग दादाचा आवाज: “चालू झालं का हे? बरं, ऐक पिल्लू...”

वहिनी तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

दिरानं तोच पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावून तो चालू केला. तोच हिरवा डोंगर!

“एकच आत्मा दोन देहांत? भारीच स्वस्त झालाय!” शिक्षिका म्हणाल्या.

“ही लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला न शिवता,” दीर म्हणाला. “आवडते का, ते आधी बघता यावं म्हणून केलेली सोय आहे ती. हलकी आहे, म्हणून पळते. अशी चालवली तर बंद करताच तुमचं काम पुसलं जातं, म्हणून ते पथ्य. आणि चांगली डिस्क काढून नेली, तरी तुम्हाला पत्ता लागत नाही!”

शिंप्याचा चेहरा उतरला. “माझी डिस्क कुठाय? वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापं होती त्यात.”

“विसर्जन झालं,” गुरू पुटपुटले.

“विकली म्हणा की!” दीर शिंप्याकडे वळला. “तुमचा कॉम्प्युटर चालूच ठेवा. परवापासूनचं काम तरी उतरवून घेऊ. जुनी मापं मात्र आता याच्याकडूनच वसूल करायची.”

दिराला त्या गुरूची किळस आली, पण डोळे मिटून उभ्या राहिलेल्या स्वतःच्या माणसांचीही थोडी आलीच.

“अहो,” तो सगळ्यांना म्हणाला, “ज्यांनी ही लिनक्स लिहिली त्यांनी ती फुकट वाटली. एकेक ओळ कोणालाही वाचता येईल अशी उघड्यावर ठेवली. एवढ्या उघड्या गोष्टीवर यानं चादर टाकली, आणि आपण कोणी साधं विचारलं नाही, की चादर कशाला? विचारा हो. कोणीही असो, विचारा. उत्तराऐवजी शाप मिळाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.”

शिंपी तेवढ्यात गुरूंच्या समोर जाऊन उभा राहिला होता.

“कोणाला विकलीत?” त्यानं विचारलं.