हात न लावण्याचा नियम

नियम मॅडमनी स्वतःच लिहिला होता, आता तक्रार करायची तरी कुणाकडे? अभ्यासक्रमाचं पान चौदा, कलम तीन: शिकणारा रुग्णावर काम करत असताना मार्गदर्शकाने हात लावायचा नाही, रुग्ण पडत असेल तरच. मेंदूला इजा झालेल्या माणसांना पुन्हा उभं करणारी फिजिओथेरपी शिकवायची, तीही रुग्णालयात राबता राबता, अशी एक वर्षाची रेसिडेन्सी त्यांनी तीन वर्षं खपून उभी केली होती. आज मान्यता देणारे दोन परीक्षक आले होते. त्यांनी नाही म्हटलं, की पहिल्या आणि एकुलत्या एक विद्यार्थिनीचे आठ महिने पाण्यात, आणि मॅडमची तीन वर्षंही त्याच पाण्यात.

कागदपत्रं सकाळीच पार पडली होती.

"कागदावर सगळेच शूर असतात," परीक्षक बाई म्हणाल्या. त्या दोघांत बोलणाऱ्या याच. सोबतचे गृहस्थ नुसतं लिहीत होते. "आता तुम्ही शिकवता कसं, ते बघू."

रुग्ण होते गवंडीकाका. डावं अंग लुळं पडून दोन महिने झालेले. असे काही रुग्ण मोठे अवघड असतात बरं का. शाबूत हाताने स्वतःलाच लुळ्या बाजूला ढकलत राहतात, कारण त्यांच्या मेंदूला तेच सरळ वाटतं. तुम्ही त्यांना सरळ करायला रेटलंत की ते दुप्पट जोराने उलट रेटतात. म्हणून रेटायचं नाही, हा अगदी पहिला धडा.

आणि पोरीने, मॅडमच्या त्या एकुलत्या एक विद्यार्थिनीने, नेमकं तेच केलं.

काकांना पलंगाच्या कडेवरून उभं केलं, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्यांना उजवीकडे ढकलू लागली. काकांनी दात आवळून उलट जोर लावला. पोरीच्या कपाळावर घाम आला. भिंतीशी उभ्या मॅडमनी पाठीमागे स्वतःचंच मनगट घट्ट धरून ठेवलं. अगं, सोड की, सोड, त्या मनात म्हणत होत्या. जीव नुसता टांगणीला लागला होता. कोपऱ्यात विभागातला दुसरा फिजिओथेरपिस्ट वही घेऊन बसला होता. त्याला सगळे घुम्या म्हणत. अर्ध्या तासात हा माणूस जागचा हललाही नव्हता.

मग पोर थांबली. तिने एक श्वास घेतला आणि दोन्ही हात काढून घेतले.

काका डावीकडे झुकले.

मॅडमना आपण कधी धावलो ते कळलंच नाही. काकांना कवेत घेऊन त्यांनी पलंगावर बसवलं.

"देवासारख्या धावलात," पलंगाच्या उशाशी उभी काकांची बायको, काकू, म्हणाल्या. "नाही तर आज यांचं काही खरं नव्हतं."

परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "पडत होते?"

एवढाच प्रश्न. हो म्हटलं की सुटका. कलम तीन सांभाळलं गेलं असतं, कोर्सही वाचला असता. फक्त पोरीच्या नावापुढे लागलं असतं, रुग्णाला धोक्यात घातलं, आणि तो शेरा जन्मभर तिची पाठ सोडणार नव्हता. पोर खाली मान घालून उभी होती. मॅडमनी खाली पाहिलं. तिचा गुडघा अजून काकांच्या लुळ्या गुडघ्याला अडसर लावून होता. कंबरही वाकवलेली, जागच्या जागी. आधार अंगाचा द्यायचा, हात मोकळे ठेवायचे, हे मॅडमनीच शिकवलेलं. आणि त्या वेड्यासारख्या फक्त तिचे हात बघत बसल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "पडत नव्हते. तिचा गुडघा जागेवर होता. धीर माझाच सुटला."

परीक्षक बाई पोरीकडे वळल्या. "हात का काढलेस?"

"मी रेटत होते म्हणून ते रेटत होते. मग त्यांना दाराची चौकट दाखवणार होते. काका गवंडी आहेत. सरळ काय आणि वाकडं काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"मग आधीच का नाही काढलेस?"

"घाबरले होते."

दोघे परीक्षक खिडकीपाशी जाऊन कुजबुजत राहिले. पाच मिनिटं असतील, पण मॅडमना ती सरता सरेनात.

"कोर्स मंजूर," बाई परत येऊन म्हणाल्या. "एका अटीवर. पहिलं वर्षभर मार्गदर्शक दुसरं कुणीतरी हवं. अभ्यासक्रम तुमचा, नावही तुमचंच राहील. पण शिकवण्याच्या वेळी तुम्ही खोलीत नसाल. तुम्ही तिला चुकूच देणार नाही, मग ती शिकणार कधी?"

मॅडमनी वाद घातला नाही. सही करताना त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्यांनी घुम्याकडे पाहिलं. खांबासारखा उभा राहू नकोस, म्हणून याच माणसाला त्यांनी कितीदा झापलं होतं.

"आजपासून तू," त्या म्हणाल्या. त्याने वही मिटली आणि भिंतीशी येऊन उभा राहिला.

पोरीने सवयीने मॅडमकडे पाहिलं. "काकांना परत उभं करू?"

"मला नको विचारूस," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

दाराला काच होती. त्या काचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आत पलंग करकरला, काकांना उभं केलं असावं. मग पोरीचा आवाज आला.

"काका, ही चौकट सरळ आहे का?"

"आहे."

"आणि तुम्ही?"

काकांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. कुणी घाई केली नाही.

"मी... वाकडा," काका म्हणाले. "थांब. माझा मी... होतो सरळ."

तीन आठवडे मॅडम त्यांना रोज दोन्ही हातांनी धरून उभं करत होत्या. तीन आठवड्यांत त्यांनी हे काकांना एकदाही विचारलं नव्हतं.